मेंदू कोणत्या शाखेचा?

"अगं, तू कॉमर्सला ना? मग हे मेंदूचे पुस्तक कशाला घेऊन बसलीस?"

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला निदान दहा जणांनी विचारला असेल. त्यांत शेजारच्या काकू होत्या, वर्गातल्या मैत्रिणी होत्या आणि एक प्राध्यापकही होते. कुणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. कॉमर्सवाल्याने हिशेब लिहावेत, सायन्सवाल्याने सूक्ष्मदर्शकात डोकवावे आणि आर्ट्सवाल्याने कविता कराव्यात, अशी वाटणी आपल्याकडे होऊन गेली आहे आणि ती कुणी केली हे आता कुणी विचारतही नाही. पण ज्या मेंदूने आपण हिशेब लिहितो, सूक्ष्मदर्शकात पाहतो आणि कविताही करतो, तो मेंदू कोणत्या शाखेचा, एवढे मात्र मला वाचकांना विचारायचे आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही, तो आमच्या घरात पडला.

माझ्या आजोबांना आम्ही सगळे 'आज्जा' म्हणतो. कानडीतही आजोबांना अज्ज म्हणतात, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या मुलांचे ते आपोआपच आज्जा झाले. आज्जांनी चाळीस वर्षे रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानात दिवाणजी म्हणून काम केले. कीर्द-खतावणी मी कॉलेजात येण्याच्या आधी त्यांच्याकडूनच शिकले. घरात ते मराठी बोलत, वहीत मराठीत लिहीत. पण दुकानात गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडची गिऱ्हाइके येत आणि हमालही कानडी बोलणारे, म्हणून सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत त्यांच्या तोंडी कानडीच असे.

मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आज्जांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आठ दिवस ते नुसते बघत होते. नवव्या दिवशी आई त्यांना चमच्याने पेज भरवत होती, तेव्हा त्यांनी तोंड बाजूला केले आणि स्पष्ट म्हणाले, "साकु."

कानडीत साकु म्हणजे पुरे. आईच्या डोळ्यांत पाणी आले, मला तर नाचावेसे वाटले. पण पुढचे पंधरा दिवस आज्जा जे काही बोलले ते कानडीतच बोलले, आणि घरातले वातावरण बदलू लागले. आत्या कोल्हापूरहून आली होती. ती त्यांच्या उशाशी बसून विनवू लागली, "अण्णा, मराठीत बोला हो. आपल्या भाषेत बोला." आज्जा प्रयत्न करीत, ओठ हलवीत, शब्द सापडत नसे आणि मग ते रडत. दुसरीकडे त्यांचे एक जुने कानडी स्नेही भेटायला आले ते हसत हसत म्हणाले, "बघा, शेवटी आज्जा आमचेच निघाले!" त्यांनी थट्टाच केली होती, पण आत्याला ती फार लागली. तिने त्या दिवशी जेवण केले नाही.

सीमाभागात आपण वाढलो आहोत. भाषेचा वाद आपल्याकडे पाट्यांवर असतो, सभांत असतो, निवडणुकीत असतो. तो आजारी माणसाच्या खाटेपर्यंत येऊन बसलेला मी त्या दिवशी पाहिला. आणि त्या खाटेवर जो पडला होता, त्याला आपण कोणती भाषा बोलतो आहोत हे ठरवण्याची मुभाच नव्हती.

मी डॉक्टरांना विचारले, "मराठी ही त्यांची आईची भाषा, मग कानडी आधी का आली?" बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत होते. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. येईल हळूहळू." उत्तर खरे होते, पण माझे समाधान झाले नाही. म्हणून मी ग्रंथालयात गेले. मेंदूवरचे जे एक पुस्तक होते, ते सायन्सच्या कपाटात होते. आमच्या ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण पुस्तक दिले. त्यांचे मी येथे आभार मानते.

त्या पुस्तकाने आणि त्यानंतर इकडून तिकडून वाचलेल्या मजकुराने मला काय सांगितले, ते थोडक्यात सांगते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. तो रुग्ण अनेक वर्षे 'टॅन' या एका उच्चाराखेरीज जवळजवळ काहीच बोलू शकत नव्हता. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. तेव्हापासून वाचाघाताचा अभ्यास पद्धतशीर सुरू झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्नही जुनाच आहे. १८८१ च्या सुमारास रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते की जे आधी शिकलेले असते ते शेवटपर्यंत टिकते. १८९५ मध्ये पित्र या वैद्याने निराळे मत मांडले, की आजारापूर्वी जी भाषा सर्वांत जास्त वापरात होती ती आधी परतते. आमच्या घरात आत्या रिबोच्या बाजूची आणि आज्जांचा मेंदू पित्रच्या बाजूचा! पुढच्या संशोधकांना असे दिसले की यांतला कोणताच नियम सर्वांना लागू पडत नाही. बऱ्याच रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने परततात, काहींत एक आधी आणि एक नंतर. मेंदूत दोन भाषांची दोन स्वतंत्र राज्ये नसतात. बराचसा प्रदेश सामाईक असतो आणि काही ठिकाणे तेवढी वेगळी असतात.

हे मी आत्याला फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे अण्णा मला विसरले नव्हते ना?" शाखेचा प्रश्न माझ्यापुरता त्या वाक्याशीच संपला. ज्या ज्ञानाने एका मुलीच्या मनावरचा असा दगड उतरतो, ते ज्ञान तिच्या घरातल्या कॉमर्सच्या मुलीला का मिळू नये?

आता थोडे बाहेर पाहू. मेंदू आणि मज्जातंतू यांच्या जीवशास्त्राला न्यूरोबायोलॉजी म्हणतात. परदेशांत अनेक विद्यापीठांत पदवीला हा मुख्य विषय म्हणून घेता येतो. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने १९७३ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मेंदूविज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो तिथल्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत 'न्यूरोबायोलॉजी, फिजिऑलॉजी अँड बिहेवियर' या नावाने पदवी मिळते. तिथल्या विद्यार्थ्याला आधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांचा पाया घालावा लागतो आणि मग मज्जासंस्थेकडे वळावे लागते. संख्याशास्त्र हा शब्द वाचून मला मौज वाटली, कारण तो विषय आम्हा कॉमर्सवाल्यांच्याही गळ्यात असतोच.

हा विषयच मुळी भिंती पाडून जन्माला आलेला आहे. १९६६ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्टीफन कफलर यांच्या पुढाकाराने न्यूरोबायोलॉजीचा विभाग निघाला. त्याआधी मेंदूची रचना शिकवणारे एका विभागात, त्याचे कार्य शिकवणारे दुसऱ्यात आणि त्यातली रसायने पाहणारे तिसऱ्यात बसत. कफलर यांनी सर्वांना एका छपराखाली आणले. त्याच विभागातल्या ह्यूबेल आणि वीझेल यांना दृष्टी आणि मेंदू यांच्या संशोधनाबद्दल १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट केंब्रिजची आहे. अँड्र्यू हक्स्ले नावाचा एक तरुण १९३५ मध्ये तिथे दाखल झाला. त्याला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे होते. परंतु तिथल्या पदवीच्या नियमाप्रमाणे त्याला आणखी एक विज्ञानविषय घेणे भाग होते. एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने शरीरक्रियाशास्त्र घेतले, आणि ते घेतले म्हणून तो पुढे अ‍ॅलन हॉजकिन यांच्याबरोबर मज्जातंतूंवर काम करू लागला. त्यांनी प्रयोगाला निवडला स्क्विड हा समुद्रप्राणी, ज्याला गोव्याकडे माणकी म्हणतात आणि लोक आवडीने खातात. त्याच्या अंगात सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा एक मज्जातंतू असतो, त्यामुळे त्याच्या आत बारीक तार घालून वीज मोजता येते. मज्जातंतूतून संदेश कसा धावतो याचे गणित या दोघांनी १९५२ मध्ये मांडले, आणि १९६३ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले.

यातला एक तपशील खास माझ्या शाखाबंधूंसाठी. ही आकडेमोड करायच्या वेळी विद्यापीठातले संगणकयंत्र दुरुस्तीसाठी बंद होते. म्हणून हक्स्ले यांनी ती सारी हाताने दांडा फिरवण्याच्या ब्रुन्सविगा यंत्रावर केली. अशी यंत्रे कचेऱ्यांमधून हिशेबासाठी वापरत. म्हणजे मज्जातंतूचे रहस्य उकलले ते हिशेबनिसाच्या यंत्रावर! आणि त्यातला हिशेबही आपल्या ओळखीचाच आहे. विश्रांतीच्या वेळी चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की सोडियम आत येतो, मग पोटॅशियम बाहेर जातो. या जमाखर्चाचा मेळ पुन्हा बसवण्यासाठी पेशीला तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेत राहावे लागते आणि त्याला ऊर्जा लागते. मेंदूचे वजन शरीराच्या फक्त २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो खातो. अशा खात्याकडे कोणत्या हिशेबनिसाचे लक्ष जाणार नाही?

हक्स्ले यांना तो जादा विषय घेण्याची सक्ती झाली नसती तर? आपल्याकडे नेमके उलटे आहे. एसएसएलसीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दहा दिवसांत शाखा ठरवायची. मी मराठी माध्यमातून आले. पीयूसीला सायन्स घेतले की सगळे इंग्रजीत, वर शिकवणी लावावी लागेल, आणि घरात मिळवणारे एकटे बाबा, या तीन कारणांनी मी कॉमर्स घेतले. जीवशास्त्र मला नावडते होते म्हणून नव्हे. दहावीत मला त्यात चांगले गुण होते. पण त्या दिवशी जो दरवाजा बंद झाला तो झालाच. पीयूसीला जीवशास्त्र नसेल तर बी. एस्सी.ला त्या वर्गात सहसा प्रवेश नसतो.

२०२१ मध्ये कर्नाटकात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना बदलली, चौथ्या वर्षाची सोय झाली आणि दुसऱ्या शाखेतला एखादा विषय ऐच्छिक म्हणून घेण्याची वाट निघाली. २०२४ मध्ये चौथे वर्ष पुन्हा गेले. आमची तुकडी या दोन्हींच्या मधली. मी ऐच्छिक म्हणून विज्ञानाचा विषय मागितला, पण तासांची वेळ जुळेना. शेवटी जो जुळला तो घेतला. धोरणे येतात आणि जातात, वेळापत्रक मात्र जागचे हलत नाही.

देशात मेंदूविज्ञानाची मोठी केंद्रे नाहीत असे नाही. बंगळूरला निम्हान्स आहे, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. पण तिथले या विषयाचे शिक्षण मुख्यतः पदवीनंतरचे. त्या दारापर्यंत जायचे तर सोळाव्या वर्षीच योग्य रांगेत उभे राहिलेले असावे लागते.

आता माझ्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करते. पहिला आक्षेप नोकरीचा. "मेंदू शिकून पोट भरेल का?" हा प्रश्न बाबांनी विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. मी खोटे सांगणार नाही. नुसत्या पदवीवर या विषयात संशोधनाची चांगली जागा मिळणे कठीण असते, पुढे एम. एस्सी., पीएच. डी. करावी लागते, आणि पदवीने कुणी डॉक्टरही होत नाही. म्हणून प्रत्येकाने हाच मुख्य विषय घ्यावा असे माझे म्हणणे नाहीच. पण आमच्या वर्गातले सगळेच काही सी. ए. होणार नाहीत. तरी कंपनी कायदा सर्वजण शिकतो, कारण तो माहीत असावा असे शहाण्या लोकांना वाटते. आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी पक्षाघात, फेफरे, विसरभोळेपणा, उदासीनता यांपैकी काहीतरी येतेच. मग मेंदू माहीत असावा असे का वाटू नये?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माझ्या एका सायन्सच्या मैत्रिणीने तो घेतला. ती म्हणाली, "रसायनशास्त्राशिवाय न्यूरोबायोलॉजी म्हणजे पायाशिवाय माडी." तिचे म्हणणे मला मान्य आहे. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात मी अडखळले ती तिथेच. पेशीच्या आतबाहेरच्या विजेचे सूत्र आले आणि त्यात लॉगरिदम आले. परंतु लॉगरिदम मी चक्रवाढ व्याजासाठी शिकले होते, तेवढ्यावर ते पान मी दोन दिवसांत पार केले. पुढचे रसायन त्या मैत्रिणीनेच समजावले, आणि त्या बदल्यात मी तिला संख्याशास्त्रातली चाचणी शिकवली, जी तिला तिच्या प्रकल्पासाठी हवी होती. पाया हवा हे खरे. पण पाया घालायची संधी वयाच्या सोळाव्या वर्षीच संपते, हे मात्र खरे नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सारे परदेशातले ज्ञान, आपल्याला त्याचे काय? या आक्षेपाला हैदराबादने उत्तर दिले आहे. तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला त्यांना दिसला, आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. २०१६ मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. झटक्यानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेले रुग्ण बहुभाषिकांत सुमारे ४० टक्के आणि एकभाषिकांत सुमारे २० टक्के निघाले. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. सर्व देशांतल्या अभ्यासांत असेच निष्कर्ष निघाले आहेत असे नाही आणि वाद अजून चालू आहे. पण हा अभ्यास होऊ शकला तो तेलुगू, उर्दू, हिंदी मिसळून बोलणाऱ्या शहरात. दोन भाषांत जगणारी माणसे पाहायला आपल्याला कुठे दूर जावे लागणार आहे? आपल्या बाजारपेठेत एक फेरी मारली तरी पुरे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. पदवीचा स्वतंत्र अभ्यासक्रम काढणे आपल्या हातात नाही, हे मला कळते. पण सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक तास, वर्षाला पंचवीस-तीस तासांचा 'मेंदू आणि भाषा' हा वर्ग काढणे अशक्य नाही. जीवशास्त्राच्या सरांनी पेशी शिकवावी, मानसशास्त्राच्या बाईंनी स्मृती शिकवावी, मराठीच्या आणि कन्नडच्या प्राध्यापकांनी मिळून भाषा शिकवावी, आणि संख्याशास्त्र आमच्या विभागाने. परीक्षा नसली तरी चालेल. त्या वर्गातून इंग्रजी संज्ञांचा एक छोटा मराठी-कन्नड कोश तयार झाला तर तो याच अंकात, दोन्ही विभागांत छापता येईल. आमच्या या अंकाचे मराठीचे वाचक अर्ध्यावर थांबतात आणि कन्नडचे वाचक मागून सुरू करून अर्ध्यावर थांबतात. निदान चार पाने तरी दोघांनी मिळून वाचावीत.

आज्जांचे पुढे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. दीड महिन्याने त्यांची मराठी परत येऊ लागली. पहिल्यांदा आईचे नाव आले, मग माझे. आता ते दोन्ही भाषा मिसळून बोलतात आणि शब्द अडला की दुसऱ्या भाषेतून उसना घेतात. दुधाचा हिशेब ते डाव्या हाताने कॅलेंडरवर लिहितात, आकडे मराठीत काढतात आणि बेरीज मात्र पुटपुटतात ती कानडीत. मागच्या महिन्यात आत्या आली होती. ती शेजारी बसून ऐकत होती. बेरीज संपल्यावर तिने त्यांना विचारले, "एष्टु, अण्णा?"

आज्जा हसले आणि त्यांनी रक्कम मराठीत सांगितली.

— वाणिज्य विभाग, तृतीय वर्ष